दोन खिडक्यांचा कॅमेरा

२८ मार्च १९५१ रोजी, दिवस मावळण्याच्या सुमारास, आज जेथे चंदीगडचे विधानभवन आणि उच्च न्यायालय उभे आहे आणि त्या काळी जेथे शेतांखेरीज व विरळ झाडांखेरीज दृष्टीस फारसे काही पडत नव्हते, त्या मोकळ्या भूमीवरून एक जीप हिंडत होती. तीत ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर जानेरे, इंग्रज वास्तुशिल्पी मॅक्सवेल फ्राय आणि पंजाब सरकारचे मुख्य अभियंता पी. एल. वर्मा असे चौघे होते. मनुष्याच्या उंचीवरून सिद्ध केलेली ‘मॉड्युलर’ नामक मापनपद्धती ल कॉर्ब्युझिए यांनी एका अरुंद पट्टीवर उतरवून घेतली होती, आणि ती पट्टी गुंडाळून, छायाचित्रणाच्या फिल्मचे रीळ ज्या लहानशा डबीत मिळते तशा डबीत घालून ते ती वर्षानुवर्षे खिशात बाळगीत असत. त्या सायंकाळी ती डबी जीपमधून कोठेतरी पडली आणि पुन्हा सापडली नाही. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘मॉड्युलर’ ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात नमूद करून ठेवली आहे.

या शहरात माझे जवळजवळ सारे आयुष्य गेले. येथील वास्तुकलेविषयी जाणकारांनी विपुल लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु या नगराच्या पायाखाली कोठेतरी फिल्मची एक डबी व तीत अंतर मोजण्याची एक पट्टी आहे, या गोष्टीचा मला जो आनंद होतो, तो माझ्या हाती सुमारे साठ वर्षे असलेल्या एका यंत्रामुळे होतो. तेही यंत्र अंतर मोजते, आणि तेही तीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म पोटात बाळगते. जाणकार मंडळी त्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात. आमच्या घरात त्याचे नाव पहिल्यापासून ‘मामांचा कॅमेरा’ असेच आहे.

मामा माझगावच्या गोदीत यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ते रविवारी येत, आणि जेवणानंतर सुपारी कातरता कातरता जहाजांवरील उपकरणांच्या गोष्टी सांगत. तोफेचा गोळा नेमका पडावयाचा तर शत्रूचे जहाज किती अंतरावर आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ते कळावे म्हणून आर्चिबाल्ड बार व विल्यम स्ट्राउड या दोन अध्यापकांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकाच्या अखेरीस एक लांबलचक नळी सिद्ध केली, जिच्या दोन टोकांना दोन खिडक्या होत्या आणि मध्यभागी पाहणाऱ्याचा डोळा. दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येत. त्या एकमेकींवर तंतोतंत बसेपर्यंत आतील काच फिरवावयाची, आणि ती किती फिरली त्यावरून अंतर काढावयाचे. मामा म्हणत, “अरे, एका डोळ्याला अंतर कळत नाही. दोन डोळे लागतात, आणि त्या दोघांत थोडी फारकत लागते. ही फारकत जितकी मोठी, तितकं माप खरं.” त्रिकोणमितीचा जो पाठ शाळेत मास्तरांनी महिनाभर शिकवूनही माझ्या गळी उतरला नव्हता, तो मामांच्या त्या दोन वाक्यांत उतरला, आणि पुढे मी प्रकाशशास्त्राच्या वाटेस लागलो, त्याचा उगम धुंडाळावयाचा तर तो तेथेच सापडेल.

परकीय चलनाच्या चणचणीचा तो काळ होता. जर्मन कॅमेरा विकत घेणे हे मध्यमवर्गीयाच्या ऐपतीपलीकडचे होते, आणि ऐपत असली तरी आयातीच्या परवान्यांची आणि जकातीची अडचण होतीच. सोव्हिएत रशियाशी रुपयांत चालणाऱ्या व्यापारामुळे मात्र काही रशियन वस्तू मुंबईच्या बाजारात दिसू लागल्या होत्या, आणि त्यांतूनच मामांनी फोर्टातल्या एका दुकानातून झोर्की-४ हा कॅमेरा घेतला. जड, काहीसा ओबडधोबड, तपकिरी चामड्याच्या पेटीत बसविलेला. त्याच्या पुढल्या अंगास दोन खिडक्या होत्या. त्या मला प्रथम दाखविताना मामांच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते जहाजावरील मनुष्यभर लांबीची नळी कोणी तळहातावर आणून ठेवली असता व्हावे तसे होते. आणि वस्तुतः घडलेही तेच होते.

हे घडले कसे, याचा इतिहास मी पुढे यथावकाश वाचून काढला. जर्मनीतील वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या पट्ट्या व लाकडी तिवई घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. म्हणून त्याने चित्रपटाची फिल्म आडवी धरून, तिच्यावरील १८ बाय २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून, २४ बाय ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारे एक चिमुकले यंत्र १९१४ च्या सुमारास तयार केले. मध्ये महायुद्ध आले, त्यानंतर चलनाचा ऱ्हास आला, आणि अशा विपन्नावस्थेतही ते यंत्र बाजारात आणण्याचे धाडस दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्झ यांनी केले. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ प्रसिद्ध झाला. त्यात अंतर मात्र अंदाजानेच ठरवावे लागे, किंवा वेगळा मापक वर खोचावा लागे. १९३२ मध्ये लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो मापक यंत्राच्या पोटातच घालून भिंगाशी जोडण्यात आला, आणि त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने ‘काँटॅक्स’ काढला. भिंगाच्या मागच्या कड्यास एक लहानसा भुजदंड टेकलेला असतो. भिंग फिरविले की तो मागेपुढे होतो, त्याबरोबर आतील आरसा किंचित कलतो, आणि डोळ्यास दिसणारी दुसरी, फिकट प्रतिमा पहिलीवर सरकत येऊन मिळून जाते. प्रतिमा मिळाली म्हणजे माप झाले, आणि माप झाले म्हणजे भिंगही आपोआप योग्य जागी आले.

रशियात ही विद्या ज्या वाटेने गेली ती मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. युक्रेनमधील खार्किव्ह येथे निराधार व गुन्हेगारीत पडलेल्या मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांनी एक वसाहत चालविली होती. ती मुले प्रथम विजेवर चालणारी भोके पाडण्याची यंत्रे बनवीत. १९३४ पासून त्यांनी लायकाबरहुकूम कॅमेरे बनविण्यास प्रारंभ केला आणि त्यांना वसाहत ज्याच्या नावे होती त्या झेर्झिन्स्कीच्या नामाद्याक्षरांवरून ‘फेड’ हे नाव दिले. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे त्याच वंशाचा ‘झोर्की’ निघाला. ड्रेस्डेन बेचिराख झाल्यावर काँटॅक्सची सामग्री युद्धाच्या भरपाईपोटी रशियनांच्या हवाली झाली, व ते कॅमेरे कीव्ह येथे ‘कीव्ह’ याच नावाने होऊ लागले. नक्कल म्हणून या यंत्रांना नाक मुरडणारे पुष्कळ आढळतात. ज्या मुलांना समाजाने रस्त्यावर टाकले होते, त्यांच्या हातून मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक असे काम उभे राहिले, ही गोष्ट मला तरी कोणत्याही मौलिक शोधाच्या तोडीची वाटते.

नोकरीचा हुकूम हाती पडला तेव्हा १९६० चे दशक अर्धे सरले होते. सेंट्रल सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स ऑर्गनायझेशन ही संस्था १९५९ मध्ये दिल्लीस स्थापन होऊन १९६२ मध्ये चंदीगडला आली होती, आणि तिच्याच आवारात स्विस साहाय्याने १९६३ साली कारागिरांचे एक प्रशिक्षण केंद्र निघाले होते. तेथे मला रुजू व्हावयाचे होते. मुंबई सोडण्याच्या आदल्या रात्री मामांनी कॅमेरा माझ्या स्वाधीन केला आणि एकच ताकीद दिली, “शटर चढवल्याखेरीज वेगाची चकती फिरवू नकोस.” झोर्कीची ही अट मोडली तर आतील यंत्रणा दुखावते. ही ताकीद मी आजतागायत पाळीत आलो आहे.

दिल्लीहून कालका मेलने निघालो तेव्हा पानिपताचे स्थानक लागले. मराठी माणूस त्या पाटीपुढून मुकाट्याने जाऊ शकत नाही. मीही दारात उभा राहिलो. परंतु त्या प्रवासातील जे स्थानक पुढे माझ्या मनात अधिक खोल रुतले ते त्यानंतरचे, कुरुक्षेत्राचे, आणि त्याचे कारण महाभारत नव्हे. १९४७ च्या शरदात तेथे फाळणीतील निर्वासितांची सर्वांत मोठी छावणी वसली होती, आणि फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपला लायका घेऊन तेथे हिंडत होते. छावणीतील माणसांची मरगळ जावी म्हणून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतला जात असे. तंबूंच्या पार्श्वभूमीवर हात उंचावून देह झोकून देणाऱ्या त्या पुरुषांचे ब्रेसाँ यांनी घेतलेले चित्र जगप्रसिद्ध आहे. काही महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या होण्याच्या थोडाच वेळ आधी हेच ब्रेसाँ त्यांना भेटून आले होते, आणि त्यानंतरच्या त्या शोकमग्न दिल्लीचे दस्तऐवज त्यांच्याच दोन खिडक्यांच्या यंत्रातून आपल्याला मिळाले. लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली, आणि ती हवी झाली म्हणून चंदीगड झाले. ज्या लोकांसाठी हे शहर बांधावे लागले त्यांचे चेहरे, शहराचा नकाशाही निघण्यापूर्वी, येथून शंभर किलोमीटरच्या आत एका रेंजफाइंडरने टिपून ठेवले होते. त्या चित्राखाली स्थळ वाचले तेव्हा, आपण रोज ज्या सहकाऱ्यांबरोबर डबा खातो त्यांपैकी कोणाचा पिता, कोणाचा चुलता तेथे उभा असू शकेल, हा विचार मनात येऊन मी बराच वेळ ते पान उलटू शकलो नव्हतो.

शहर तेव्हा अपुरे होते. दहाव्या सेक्टरातील संग्रहालयाचे बांधकाम चालू होते. ते १९६८ मध्ये पुरे झाले. राजस्थानी मजूरस्त्रिया डोक्यावरून काँक्रीटच्या पाट्या वाहून नेत, आणि सुटीच्या दिवशी मी तेथे जाऊन उभा राहत असे. या यंत्राचा स्वभाव मला तेथे कळला. भिंगातून पाहावयाच्या कॅमेऱ्यात, ज्याला एसएलआर म्हणतात, आरशावर भिंगाने घडविलेले चित्रच आपण पाहतो. भिंग जेवढे दाखवील तेवढेच जग उरते, आणि कळ दाबताच आरसा वर उचलला जाऊन तेही क्षणभर काळोखात जाते. जो क्षण आपण घेतला तोच आपल्याला दिसलेला नसतो. रेंजफाइंडरमध्ये भिंगाला डोळ्याशी काही कर्तव्य नाही. खिडकी स्वच्छ काचेची. तिच्यातून जग आहे तसे दिसते, जवळचे आणि लांबचे सारखेच रेखीव, आणि कळ दाबतानाही ते दिसतच राहते. १९५४ मध्ये निघालेल्या लायका एम-३ मध्ये तर चित्राच्या सीमा प्रकाशरेषांनी दाखवून त्यांच्या बाहेरचे जगही दिसू देण्याची सोय केलेली आहे. उजवीकडून एक स्त्री पाटी घेऊन येत आहे, ती अजून चौकटीत नाही, पण येणार आहे: हे आधीच कळत असल्यामुळे माणूस थांबतो. काय टिपावे याइतकेच काय वगळले जात आहे याचेही भान राहते. माझ्या मते छायाचित्रकाराला याहून मोठे शिक्षण दुसरे नाही, आणि ते मला त्या यंत्राने फुकट दिले.

पुढे आमच्या संस्थेत ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी हेड-अप डिस्प्ले तयार झाला, ज्याचे उत्पादन शेजारच्या पंचकुल्यास होऊ लागले. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर तिरकस अर्धपारदर्शक काच असते. तिच्यातून आकाशही दिसते आणि तिच्यावर प्रकाशाच्या रेषांत वेग, उंची व नेमही दिसतो. माझ्या निवृत्तीच्या मागेपुढे ते काम भरात होते. एम-३ च्या खिडकीत दिसणाऱ्या रेषा आणि या रेषा एकाच कुळातल्या आहेत, असे मी तेव्हा तरुण सहकाऱ्यांना सांगत असे. काहींना ते पटे, काहींना ती म्हाताऱ्याची हौस वाटे. पण आकृती काढून दाखविली की पहिल्यांची संख्या वाढत असे.

या शहराचा प्रत्येक सेक्टर सर्वसाधारणपणे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब आखलेला आहे. बार्नाकची चौकट २४ बाय ३६. दोहोंचे प्रमाण एकच, दोनास तीन. यातून कोणताही सिद्धांत काढण्याचा माझा मानस नाही. एकाने चित्रपटाची चौकट दुप्पट केली, दुसऱ्याने चालणाऱ्या माणसाची दमछाक न होता काय गाठता येईल याचा हिशेब केला. तरीही संध्याकाळी सेक्टराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत फिरताना, आपण एका अवाढव्य निगेटिव्हच्या कडेकडेने चाललो आहोत, ही कल्पना मला कधी सोडून गेली नाही.

मामांच्या कॅमेऱ्याचे भिंग एक मीटरच्या आत काही स्पष्ट दाखवीत नाही. ही त्याची मर्यादा आमच्या घराच्या इतिहासात उतरली आहे. माझी पत्नी, सुखना तलावाच्या काठी पहिली पावले टाकणारी कन्या, गिरगावच्या दारात उभी असलेली आई, सचिवालयाच्या अडीचशे मीटर लांब इमारतीपुढे टोपी सावरून उभे राहिलेले मामा: अल्बममधील एकही चेहरा मीटरभराहून जवळून घेतलेला नाही. सर्वांच्या भोवती थोडी जागा आहे. पाठीमागे दार आहे, खुंटीवरचा सदरा आहे, पाण्याचा माठ आहे. आज मुलाबाळांची चित्रे नाकाच्या शेंड्यापासून सुरू होऊन हनुवटीपाशी संपतात, आणि ती कोणत्या घरात, कोणत्या ऋतूत घेतली याचा त्यांत मागमूस नसतो. आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याइतकाच मला त्या दाराच्या चौकटीचा, तिच्यावरच्या कुंकवाच्या बोटांचा आधार वाटला, आणि भिंगाच्या त्या मज्जावाबद्दल मी कृतज्ञ झालो.

या यंत्राच्या शटरला रबर चढविलेल्या कापडाचे पडदे असतात. आरसा नसल्यामुळे भिंगाचे तोंड चुकून सूर्याकडे राहिले, तर आतशी काचेप्रमाणे किरण एकवटून पडद्यास सुईएवढे भोक पडते, आणि मग प्रत्येक चित्रावर पांढरा ठिपका येतो. पंजाबच्या उन्हात हा विकार सार्वत्रिक होता. सतराव्या सेक्टराच्या मागल्या गल्लीत रावळपिंडीहून आलेले एक वृद्ध सरदारजी याचा इलाज करीत. कपाळावर भिंग, समोर मखमलीचा तुकडा, त्यावर मांडलेले स्क्रू. ते काळ्या लेपाचा थेंब काडीच्या टोकाने पडद्यावर टेकवीत आणि वाळेपर्यंत चहा मागवीत. अंबाल्याच्या उपकरण-कारखान्यांत त्यांनी उमेदवारी केली होती. त्यांच्याजवळ छापील पुस्तिका एकही नव्हती. प्रत्येक यंत्र उघडताना ते कागदावर त्याचा नकाशा काढीत, आणि त्या कागदांचे एक दफ्तरच त्यांच्या फळीवर जमले होते. त्यांच्या पश्चात ते दफ्तर कोठे गेले, याची चौकशी मी पुष्कळ केली.

तोवर जग पुढे गेले होते. कोरियन युद्धात डेव्हिड डग्लस डंकन यांनी जपानी निक्कोर भिंगांची महती पाश्चात्त्यांस दाखविली आणि १९५९ मध्ये त्याच कारखान्याचा निकॉन एफ हा एसएलआर निघाला. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना लांब पल्ल्याची भिंगे हवी होती. दोन खिडक्यांतील बेताची फारकत त्यांना पुरी पडत नव्हती. ज्या जपान्यांनी रेंजफाइंडरच्या नकला करून हात बसविला होता त्यांनीच त्याला बाजूस सारले. आपल्याकडे उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म निघू लागली तेव्हा मला अभिमान वाटला होता. मी तिचेच रोल वापरीत असे. तो कारखानाही पुढे बंद पडला.

आता माझी कन्या मोहालीच्या नॉलेज सिटीत राहते, आणि मीही. एक्क्याऐंशीव्या सेक्टरातील या वसाहतीत २००७ मध्ये स्थापन झालेली आयसर ही विज्ञानसंस्था आहे, नॅनोविज्ञानाची, कृषी-जैवतंत्रज्ञानाची संस्था आहे, आणि संध्याकाळी सायकलीवरून गप्पा मारीत जाणारी, देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेली मुले आहेत. लेसरचा स्पंद सोडून तो परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढणे त्यांना रोजचेच आहे. त्यांच्यापैकी काहींना अलीकडे फिल्मचे वेड लागले आहे. लायकाच्या प्रारंभिक नमुन्यांपैकी एक १९२३ चा कॅमेरा २०२२ मध्ये १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, ही बातमी मला त्यांनीच आणून दिली. त्या आकड्याने मला खेद झाला, कारण तो कॅमेरा आता कोणी खांद्यास लावून बाहेर पडणार नाही. मुलांपाशी मात्र जुन्या बाजारातून आणलेले फेड आणि झोर्की आहेत, आणि बहुतेकांचा मापक ढळलेला आहे.

तो जागेवर आणण्याचे काम मी करतो. इमारतीच्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, ईशान्येस कसौलीचा डोंगर आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. रेंजफाइंडरच्या हिशेबी तो अनंतावर आहे. भिंग अनंताच्या खुणेवर ठेवावयाचे, खिडकीत मनोऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात की एक हे पाहावयाचे, आणि दोन दिसल्या तर पुढील अंगास दडविलेला लहानसा स्क्रू केसभर फिरवावयाचा. मग एक मीटरवर फूटपट्टी धरून पुन्हा ताडून घ्यावयाचे, कारण दूरचे जुळले म्हणून जवळचे जुळेलच असे नाही. केरळहून आलेल्या एका विद्यार्थिनीने परवा विचारले, “आजोबा, दोन्ही टोकं जुळली आणि मधलं चुकलं तर?” मी तिला भुजदंडाचे टोक घासण्याची रीत सांगितली, आणि हेही सांगितले की ते घासलेले परत येत नाही. तिचा फेड तूर्त माझ्या टेबलावर उघडा पडला आहे. सरदारजी करीत तसा त्याचा नकाशा मी कागदावर काढून घेतला आहे, आणि टोकाला अद्याप कानस लावलेली नाही.